चार वर्षांची कोठी

ताईंनी ओळ मोठ्यानं वाचायची आणि हूंभाऊंनी समोरच्या छापील प्रतीवर नजर ठेवून ‘हूं’ म्हणायचं, असं त्या खोलीत एकोणीस वर्षं चाललं होतं. ओळ जुळली की हूं. नाही जुळली की हूं यायचा नाही, आणि ताईंचं बोट होतं तिथं थबकायचं. त्या माणसाचं खरं नाव काय, हे छापखान्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊकही नव्हतं.

छापखाना उठावाच्या ठिपक्यांचा. दृष्टी नसलेल्या मुलांची शाळेची पुस्तकं इथं तयार व्हायची. जस्ताच्या पत्र्यावर ठिपके ठोकायचे, पत्र्यावरून ते ओलसर जाड कागदावर उठवायचे आणि ती कच्ची प्रत तपासायला ताईंकडे धाडायची. ताईंनी चूक धरली की पत्रेवाला लहानशी हातोडी घेऊन नको तो ठिपका बसवायचा आणि हवा तो उठवायचा. ताई चोर पकडतात, मी नुसता खटका ओढतो, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

ताईंचे डोळे तिसऱ्या वर्षी गेले. बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी जे जे वाचलं ते उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं. त्या बोटाला पानांची ओल कळायची, पत्रा झिजत आलाय हे कळायचं, पत्रेवाल्याचं सकाळी घरात भांडण झालंय हेसुद्धा ठोक्यावरून कळायचं.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या जठरात गाठ निघाली. सगळं जठरच काढावं लागलं. वरची नळी खालच्या आतड्याला जोडून शल्यविशारदानं त्यांना घरी पाठवलं. तेव्हापासून ताई दिवसातून सहा वेळा चिमणीएवढं खात. त्यांचे यजमान एका मोठ्या कचेरीत टेलिफोनवर बसत. त्यांनाही दिसत नव्हतं. ते म्हणत, आमच्या घरातली ही गाडी आता मधल्या स्टेशनावर थांबत नाही, थेट शेवटच्या मुक्कामाला जाते. ताई हसत आणि डब्यातलं अंडं सोलत.

गाठ गेली ती पुन्हा आली नाही. तपासणीला बोलावलं की जायचं, फोटो काढायचा, औषधं चालू आहेत ना असं कुणी विचारलं की हो म्हणायचं. दोन वर्षांनी तेही संपलं.

मग एका सकाळी ताई छापखान्याच्या दारात आल्या आणि पत्रेवाल्यानं विचारलं, "ताई, एक चप्पल कुणाला देऊन टाकली वाटेत?"

नवी पद्धत आहे, तुला नाही कळायची, असं ताई म्हणाल्या खऱ्या. पण खाली वाकून त्यांनी तळवा चाचपला. कोपऱ्यावरून दारापर्यंतचा सगळा खडबडीत रस्ता त्या एका पायानं अनवाणी चालून आल्या होत्या, आणि पायानं त्यांना एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

पायांनंतर बोटं. कुणीतरी आपल्याला न विचारता लोकरीचे हातमोजे चढवलेत, आणि दर महिन्याला त्यावर आणखी एक जोडी चढतेय, असं त्यांना वाटे. ठिपके होते, पण लांब होते. सवयीनं वाक्य पुढं जायचं. बोटाला जे लागलं नाही ते डोकं भरून काढायचं, तोंडून बरोबर शब्द निघायचा आणि हूंभाऊ म्हणायचे हूं. चूक तशीच पुढं.

एका शाळेचं पत्र आलं. गणिताच्या पुस्तकात दोन जागी आकडे चुकले होते. एका मुलीनं तेच गणित चार वेळा सोडवलं आणि चारही वेळा स्वतःलाच चुकीचं ठरवलं, असं तिच्या बाईंनी लिहिलं होतं. हूंभाऊंनी पत्र वाचून दाखवलं. ताईंनी ते पुन्हा वाचायला लावलं. त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही.

छापखान्याचे डॉक्टर गुरुवारी येत. त्यांनी बोटं दाबून पाहिली, रक्त तपासलं, रक्त उत्तम आहे म्हणाले. तीस-तीस वर्षं कागदावर घासलेली कातडी, निबर होणारच. शिवाय वय. ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यात सगळी जीवनसत्त्वं आहेत म्हणाले. ताईंनी आठ महिने एकही दिवस न चुकवता गोळ्या घेतल्या. दूध, अंडी, मासळी, हिरवा पाला, जे जे कुणी सांगेल ते ते खाल्लं. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी भिजवलेली कडधान्यं आणून दिली, तीही खाल्ली. जीभ मात्र सोलल्यासारखी झोंबायची आणि जिने चढताना धाप लागायची. संध्याकाळी भांडी आवरताना त्या स्वतःशीच म्हणत:

कोठी भरली भरली, कोण भरतं कळेना
कोठी सरली सरली, कोण नेतं ते दिसेना

यजमान म्हणायचे, दिसेना ठीक आहे, आपल्या घरात ते चालून जातं, पण कळेना हे काही खरं नाही.

छापखान्याचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ताईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बरंच बोलल्यावर मुद्द्यावर आले. मागच्या बाजूला बांधणीची खोली होती. तिथं पुस्तकं कागदात गुंडाळायची, दोरी बांधायची. हलकं काम. बसून करायचं. बदलीचं पत्र तयार होतं, फक्त अंगठा किंवा सही.

ताईंनी पत्राला हात लावला नाही. चूक माझी होती, असं त्या म्हणाल्या. त्या मुलीपुढं मी तोंड दाखवू शकत नाही. पण बोटं गेलीत की झोपलीत, हे अजून कुणी मला सांगितलेलं नाही. नुसतं वय म्हणून मी दोऱ्या बांधायला जाणार नाही. माझं वाचन बोटात असेल तर ते तिथून बाहेर पडलेलं मला कळलं असतं.

मग साहेबांनी अट घातली. सोमवारी आपल्यासमोर एक पान वाचायचं. पत्रेवाला त्यात मुद्दाम पाच चुका करून ठेवील. सापडल्या तर बघू.

टेबलावर तेव्हा नववीचं विज्ञानाचं पुस्तक होतं, म्हणून पान त्यातलंच निघालं. साहेब भिंतीशी बसले. पत्रेवाला दारात उभा. हूंभाऊंनी छापील प्रत पुढ्यात घेतली. ताईंनी बोट ठेवलं, पहिली ओळ वाचली आणि हूं आला नाही. पुन्हा वाचली. पुन्हा नाही. दुसऱ्या ओळीत त्या मधेच अडल्या. भिंतीकडून साहेबांचा सुस्कारा ऐकू आला. दया आल्यावर माणूस सोडतो तसा.

तो सुस्कारा ताईंना सहन झाला नाही.

लहानपणी वसतिगृहात थंडीनं बोटं बधिर झाली की मुली पांघरुणात तोंड घालून ओठांनी वाचायच्या. बाई ओरडायच्या, पुस्तकं खराब होतात म्हणून छडी द्यायच्या. सगळ्या मुलींत ताईंना सगळ्यात जास्त छड्या मिळाल्या होत्या. त्यांनी खुर्ची मागं सारली, दोन्ही तळवे टेबलावर रोवले आणि खाली वाकून खालचा ओठ कागदाला लावला.

ओल्या कागदाचा आणि जस्ताचा वास नाकात भरला. ठिपके आले. लोकर नव्हती, मोजे नव्हते; पावसाचे थेंब कपाळावर पडावेत तसा एक एक ठिपका ओठावर स्वच्छ आला. ओळभर ओठ फिरवायचा, मान वर करायची, बोलायचं, पुन्हा वाकायचं.

"चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे यकृतात व शरीरातील चरबीत साठतात," ताई म्हणाल्या.

"हूं."

पुढच्या ओळीत त्यांनी पहिली चूक धरली. त्यापुढच्या परिच्छेदात दुसरी. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं बहुतेक साठत नाहीत, जास्तीची लघवीवाटे निघून जातात. लोह शरीर जपून ठेवतं, कॅल्शियम हाडांत जातं, असं ते पान सांगत होतं. ताई अर्थाकडं लक्ष देत नव्हत्या. चुका शोधणाऱ्यानं अर्थात गुंतायचं नसतं, हे त्यांनीच नव्या मुलींना शिकवलं होतं. पण एक जीवनसत्त्व या नियमाला अपवाद निघालं. ते पाण्यात विरघळतं, तरी यकृतात वर्षानुवर्षं साठून राहतं. आणि ते आतड्यातून रक्तात एकटं जाऊ शकत नाही. जठराच्या अस्तरातून एक प्रथिन पाझरतं, ते त्याला धरतं, आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाशी ती जोडी आली तरच तिथलं दार उघडतं.

ताई त्यापुढच्या ओळीवर वाकल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत. साहेबांना वाटलं, थकल्या.

"हूंभाऊ," मान वर करून त्या म्हणाल्या, "माझं जाऊ द्या. तुमच्या प्रतीत ही ओळ कशी आहे?"

हूंभाऊंनी वाचली. "जठर काढून टाकलेल्या व्यक्तींमध्ये हे जीवनसत्त्व अन्नातून शोषले जात नाही. यकृतातील साठा सामान्यतः तीन ते पाच वर्षे पुरतो. त्यानंतर हातापायांना बधिरता येऊ शकते."

"हूं," ताई म्हणाल्या.

एकोणीस वर्षांत त्या खोलीत तो शब्द ताईंनी पहिल्यांदा उच्चारला. नंतर त्या पुन्हा वाकल्या आणि पान शेवटपर्यंत वाचलं. पाचांपैकी चार चुका सापडल्या, पाचवी निसटली. चाळीस मिनिटं लागली. साहेब म्हणाले, एका पानाला चाळीस, आणि पुस्तक तीनशे पानांचं आहे. ताई म्हणाल्या, मग मी तीनशे वेळा वाकेन. पण तुम्ही मला तीन महिने द्या. ओठांसाठी नको, बोटांसाठी द्या. ती निबर झालेली नाहीत. ती उपाशी आहेत.

साहेबांनी तीन महिने दिले. तोपर्यंत तपासायला बाहेरची एक मुलगी आणायचं ठरलं आणि बदलीचं पत्र खणात गेलं.

बाकीचे गेल्यावर ताईंनी नेहमी पिशवीत असणारा इस्पितळाचा जुना कागद काढला. घरात दोघांनाही दिसत नसल्यामुळं त्यांच्याकडची सगळी छापील कागदपत्रं वाचायला हूंभाऊंकडे येत. हा कागदही चार वर्षांपूर्वी त्यांनीच वाचून दाखवला होता. जठर पूर्ण काढलं, थोडं थोडं खावं, जड उचलू नये, पंधरा दिवसांनी टाके दाखवावेत. ताई म्हणाल्या, परत वाचा. अक्षर न् अक्षर.

हूंभाऊंनी वाचलं. तेच होतं. टाक्यांपाशी येऊन ते थांबले. मग ताईंना कागद उलटल्याचा आवाज आला. त्या खोलीत तो आवाज कधी होत नसे. ठिपके एकाच बाजूला उठवलेले असत, तपासायच्या मूळ प्रतीही एकाच बाजूला छापलेल्या येत. एकोणीस वर्षं पान वाचून झालं की ते डाव्या गठ्ठ्यावर जाई, संपलं. कागदाला पाठ असते हे त्या दोघांच्या हातांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

ताई टेबलावर पुढं झुकल्या.

"काय आहे तिथं?"

"ताई, मागेही लिहिलंय."

"वाचा."

"दर महिन्याला एक इंजेक्शन. आयुष्यभर." हूंभाऊंनी कागद टेबलावर ठेवला. "खाली दोनदा रेघ मारलीय."

ताईंनी हात लांबवून तो कागद आपल्याकडे घेतला. चार वर्षं त्यांच्या शरीरात एक कोठी होती. जठर गेलं त्या दिवशी तिची येणारी वाट बंद झाली, आणि तिनं हूं की चूं न करता जुनं काढून काढून रोजचं भागवलं. नखांना दिलं, रक्ताला दिलं, बोटांच्या टोकापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक तारेला दिलं. घरात कुणाला कळू दिलं नाही. आणि तळ दिसला तेव्हाही ती ओरडली नाही. नुसता हात थांबवला. आपल्याच आत इतकं कुणी राबत होतं आणि आपण त्याला वय म्हणत होतो, याचा ताईंना भयंकर राग आला.

हूंभाऊ माफी मागू लागले तेव्हा त्यांनी हातानंच थांबवलं. "आज काही बोलू नका. मी पण विचारलं नाही, मागं काय आहे म्हणून. पण आज तुमचा आवाज मला नको आहे." त्या उठल्या, भिंतीचा आधार न घेता दारापर्यंत गेल्या. पुढचे चार दिवस त्या हूंभाऊंशी बोलल्या नाहीत.

गुरुवारी डॉक्टरांकडे यजमानही आले. डॉक्टर म्हणाले, ते जीवनसत्त्व गोळीत आहेच की. आठ महिने घेताय.

"डॉक्टर, गोळी पोटात जाते, मान्य," ताई म्हणाल्या. "पण तिला दारापर्यंत नेणारा ज्या घरात राहत होता ते घरच तुम्ही लोकांनी पाडलंय. आता ती रोज माझ्यातून येते आणि रोज निघून जाते. मला सुई हवी. आणि सुईच्या आधी ते एवढं एकच जीवनसत्त्व रक्तात किती उरलंय ते मोजून हवं. बाकी रक्त उत्तम आहे हे मी ऐकलंय."

डॉक्टर म्हणाले, हे तुम्हाला कुणी सांगितलं. यजमान म्हणाले, नववीच्या पुस्तकानं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आकडा वाचला आणि खुर्ची पुढं ओढली. इतकं कमी त्यांनी क्वचित पाहिलं होतं. ताकदीच्या गोळीत फॉलिक आम्ल होतं, म्हणून रक्त वरवर बरं दिसत राहिलं आणि आत मज्जातंतू जळत राहिले, असं त्या म्हणाल्या. इंजेक्शनं आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. कायमची. जे गेलंय ते सगळं परत येईल असं मात्र सांगता येणार नाही. काही येईल, काही नाही. किती, ते सहा महिने ते वर्ष गेल्याशिवाय कळणार नाही.

ताई म्हणाल्या, जेवढं येईल तेवढं मी मोजून घेईन. तुम्ही सुई भरा.

परिचारिका म्हणाली, औषध लालभडक आहे. यजमानांनी विचारलं, लाल म्हणजे नक्की कसं, आम्हा दोघांनाही अंदाज नाही. ती विचारात पडली आणि म्हणाली, कुणी खूप रागावलं की कान गरम होतात ना, तसं. मग योग्य औषध आहे, असं यजमान म्हणाले.

आधी जिभेची आग गेली. मग जिना सोपा झाला. दीड महिन्यानं पायांची बोटं जळायला लागली, मुंग्या, टाचण्या, रात्रभर. यजमानांना वाटलं बिघडलं. ताई म्हणाल्या, जळू दे, वर्षभरात पायानं पहिल्यांदा तोंड उघडलंय. हूंभाऊंशी त्या पुन्हा बोलू लागल्या होत्या, पण कामापुरतं. एका दुपारी हूंभाऊंनी ताईंच्या यजमानांकडून आणलेली सगळी जुनी कागदपत्रं टेबलावर ठेवली. ताईंच्या एकोणीस वर्षांच्या पावत्या, पत्रं, करार. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी, सुरुवातीपासून वाचून दाखवायला घेतली. चार दिवस लागले. कुठंच काही सापडलं नाही. पाचव्या दिवशी ताईंनी डब्यातलं अर्धं अंडं त्यांच्यापुढं सरकवलं.

उजव्या हाताचं पहिलं बोट आलं नाही. पंचेचाळीस वर्षं ज्यानं वाचलं तेच मुकं राहिलं. डाव्या हाताचं मधलं बोट मात्र जागं झालं. कधी वाचनात न लागलेलं, नुसतं पान धरायला ठेवलेलं अडाणी बोट. ताईंनी त्याला पहिलीच्या पुस्तकापासून बसवलं. घरी संध्याकाळी त्या अक्षरं लावत आणि यजमान पलीकडून म्हणत, बाई, विद्यार्थी मठ्ठ आहे, पण बाई खमकी आहे.

तीन महिने झाले त्या दिवशी साहेब खोलीत आले. पत्र त्यांच्या हातात होतं. ताईंना कागदाची सळसळ ऐकू आली. त्यांनी विचारायच्या आधीच ताईंनी सगळं सांगून टाकलं. उजवं गेलं. डावं मधलं आलं. पानाला अठरा मिनिटं लागतात. आणखी सुधारेल की नाही ते डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत.

"आणि हे मी का सांगतेय तेही ऐका," त्या म्हणाल्या. "मी बरी झाले असं मी म्हणत नाही. मी वाचते असं म्हणते. माझ्यामागून त्या बाहेरून आणलेल्या मुलीला प्रत्येक पान तपासू दे. माझी निसटलेली चूक तिला सापडली तर ते पत्र द्या, मी स्वतः घेऊन जाईन बांधणीच्या खोलीत. चूक नसताना मात्र मी या खुर्चीवरून उठणार नाही."

साहेबांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, विज्ञानाचं शेवटचं प्रकरण अजून तपासायचं राहिलंय. ते तुमच्याकडे ठेवतो. पत्र त्यांनी सोबत नेलं. फाडलं नाही, दिलंही नाही.

ताईंनी पहिलं पान पुढं ओढलं. उजवा हात कागद धरायला ठेवला आणि डावं मधलं बोट ओळीवर टेकवलं. पहिली ओळ सरळ गेली. दुसरीही. तिसऱ्या ओळीत एका शब्दावर ठिपके एकमेकांत मिसळले आणि बोट घुटमळलं. एकदा. दोनदा. समोरून हूंभाऊंनी श्वास आत घेतला.

"सांगू नका," ताई म्हणाल्या, आणि बोट ओळीच्या सुरुवातीला नेलं.